मुलांच्या भीतीचा पंचनामा कोण करणार?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत बीड तालुक्यातल्या कपिलधारवाडीत जमीन खचली, रस्त्यांना आणि घरांना भेगा पडल्या. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे आणि धबधब्यामुळे कपिलधार सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्याच शेजारच्या या वाडीतल्या पोरांना मात्र आता प्रत्येक मोठ्या पावसात भिंतीकडे बघत रात्र काढावी लागू शकते. पिकांचे, घरांचे पंचनामे होतात. पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, आईचा पदर सोडेना, ढग गडगडले की जेवण टाकून उठलं, तर त्याची नोंद कुठे होत नाही. घरातही ‘काही होत नाही, झोप’ एवढ्यावर विषय मिटतो. पण भेग त्यानेही पाहिलेली असते. त्यापेक्षा ‘भिंत चिरली आहे, म्हणून आपण तिथे झोपत नाही, रात्री पाऊस वाढला तर आजीचा हात तू धरायचास आणि आपण सगळे मिळून निघायचं’ असं सांगितलं, तर त्याच्या भीतीला धरायला काहीतरी मिळतं.

ऑस्ट्रेलियात 1983 साली पेटलेल्या वणव्यांनंतर मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफर्लेन यांनी तिथल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आग किती जवळून पाहिली यापेक्षा आपत्तीनंतर आई-वडिलांपासून झालेली ताटातूट, आईच्या मनातून न गेलेली धास्ती आणि घराची विस्कटलेली घडी यांचा मुलांवर जास्त परिणाम झालेला दिसला. याचा अर्थ आईला दोष द्यायचा असा मुळीच नाही. पोराला सावरायचं तर आधी आई-बापाला सावरायला हवं, इतकाच त्याचा अर्थ. आणि बीडमध्ये खरी अडचण इथेच आहे. पावसाने शेत नेलं की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यावीच लागते, दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्याकडे निघतात आणि पोराला ज्या महिन्यांत आई-बाप सर्वांत जास्त हवे असतात, नेमके त्याच महिन्यांत ते उसाच्या फडात असतात.

‘पोटाची भ्रांत असताना मनाचं काय घेऊन बसलात?’ असं कोणी म्हणेल. पण वेळेवर मिळालेली भरपाई आणि पुनर्वसनाचा स्पष्ट निर्णय हाच इथे मुलाच्या मनावरचा पहिला इलाज आहे, कारण त्याने बापाची उचल टळू शकते. दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: ताटातूट इतकी वाईट, तर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलं पुण्यात नेऊन शिकवलीच ना? शिकवली, आणि ते मोठं काम होतं. पण तिथे राहण्याची आणि शिक्षणाची सोय वर्षानुवर्षांची होती. चार-सहा महिन्यांसाठी आजीकडे टाकलेल्या पोराला तसा आधार कुठला? म्हणून पूरग्रस्त गावांतली हंगामी वसतिगृहं टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावीत, आई-बापांशी रोज ठरल्या वेळी फोनवर बोलणं हा तिथल्या दिनक्रमाचाच भाग असावा आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक शिक्षक, आशाताई आणि मुकादम या तिघांकडेही असावा.