विचित्र घर कोणाचं?

घर या शब्दाच्या आधी कुणी ‘विचित्र’ हे विशेषण जोडलं की माझ्या कपाळाची शीर उठते. दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल, दुसऱ्याच्या बायकोबद्दल आणि दुसऱ्याच्या घराबद्दल बाहेरच्या माणसानं मत देऊ नये, हा साधा शिष्टाचार आहे. ‘हिनं याच्यात काय पाहिलं?’ आणि ‘ही माणसं यात राहतात तरी कशी?’ हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. ज्याला राहायचंय त्यानं ठरवलंय. आपण चहा घ्यावा आणि निघावं.

पण ऐकतो कोण? कुणी गुहेत राहतो, कुणी होडीत संसार थाटतो, कुणी मातीच्या गोल खोपटात पोरंबाळं वाढवतो, आणि आपण सिमेंटच्या खोक्यात स्वतःला कोंडून घेऊन त्यांचे फोटो बघत ‘अय्या, कित्ती विचित्र!’ म्हणतो. माझं म्हणणं असं, की ती सगळी घरं शहाणी आहेत. विचित्र घर बांधतो ते आपण. हे मी रागानं बोलत नाही. म्हणजे रागानंच बोलतोय, पण पुरावा हाताशी ठेवून बोलतोय.

आमच्या मेहुण्यांचंच घ्या. त्यांचे चिरंजीव ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतात. मेहुणे तिकडे जाऊन आले आणि मोबाईलमध्ये साडेचारशे फोटो घेऊन थेट आमच्याकडे उतरले. समुद्र झाला, कांगारू झाले, चिरंजीवांची मोटार चारही बाजूंनी झाली, आणि मग एक बोगद्यासारखा फोटो आला. मेहुणे म्हणाले, “भाऊजी, हे बघा कूबर पेडी. अहो, जमिनीखाली राहतात लोक! बिळात! अगदी जनावरासारखी!”

‘जनावरासारखी’ म्हणताना त्यांनी जे तोंड केलं, त्यावर माझा आक्षेप आहे. पण त्याकडे नंतर येतो. आधी कूबर पेडी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं हे गाव. १९१५ साली तिथं ओपल नावाचं रत्न सापडलं आणि खाणवाले जमा झाले. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, झाडाचं नाव नाही, लाकूड नाही, सावली नाही. पण खोदकामाची हत्यारं होती, खोदायची सवय होती आणि खोदून झालेले खड्डे होते. लोक आतच राहायला लागले. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी जमिनीखाली बारा महिने तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास हवा असते. ना पंखा, ना एसी. गावातले निम्मे लोक अजून असे राहतात. चर्चसुद्धा खाली आहे. बाळाला वेगळी खोली हवी झाली, तर भिंत आणखी थोडी खोदायची. तसं खोदताना भिंतीत ओपल निघाल्याच्या गोष्टी तिथं सांगतात. आमच्या भिंतीत खिळा ठोकला तर शेजारचा माणूस निघतो.

आणि नाव पाहा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीवरून ‘कूबर पेडी’ हा शब्द आला; अर्थ सांगतात, गोऱ्या माणसाचं बीळ. म्हणजे हसायचं काम मूळ मालकांनी शंभर वर्षांपूर्वीच उरकून घेतलंय. मेहुण्यांची पाळी उशिरा आली.

आता मेहुण्यांचं घर. ठाण्याला बावीसाव्या मजल्यावर. दिवाणखान्याची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. दुपारी तीनला सूर्य तिथं जो मुक्काम ठोकतो, तो मावळल्याशिवाय हलत नाही. काचेतून ऊन आत येतं आणि त्याचा ताव आत कोंडून राहतो. मग जाड पडदे ओढायचे. पडदे ओढले की अंधार होतो, म्हणून दिवे लावायचे. तरी उकडतं, म्हणून एसी लावायचा. उजेड यावा म्हणून काच लावली आणि दिवसाढवळ्या दिवे लावून बसले! मी म्हटलं, “दादा, त्या बिळातल्या माणसाचं विजेचं बिल विचारून आलात का?” मेहुणे हसले. वहिनी हसल्या नाहीत. बिल त्याच भरतात.

आता ‘जनावरासारखी’. अहो, जनावरासारखं राहायला अक्कल लागते! ती आपल्याजवळ असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

वाळवी घ्या. आपल्या दरवाज्याची चौकट खाते म्हणून आपण तिच्या बुद्धीची किंमत करत नाही. पण वारूळ म्हणजे काय चीज आहे! माती, लाळ आणि लाखो बिनपगारी मजूर. ना नकाशा, ना मुकादम. आत बोळ, पोकळ्या आणि काही जातींत बुरशीची शेतीसुद्धा. आणि आतली कोंदट हवा बाहेर जाऊन ताजी आत येत राहील अशी तजवीज. हे पाहून मिक पिअर्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञानं झिंबाब्वेत, हरारे शहरी, ‘ईस्टगेट’ नावाची मोठी इमारत बांधली. १९९६ साली ती उघडली. रात्रीची गार हवा पंख्यांनी आत ओढायची, काँक्रीटनं ती थंडाई धरून ठेवायची आणि दिवसा हळूहळू सोडायची. नेहमीसारखी एसीची यंत्रणा नाही. गंमत पुढेच आहे. नंतर शास्त्रज्ञांनी वारुळं नीट तपासली, तेव्हा कळलं की वाळवीची हवा खेळवायची रीत आपण समजत होतो तशी नाहीच. वारूळ फुप्फुसासारखं चालतं म्हणतात. म्हणजे वाळवीची कॉपी करतानासुद्धा माणसानं चुकीची कॉपी केली, आणि तरी पास झाला! मूळ पेपर केवढा हुशारीचा असेल, विचार करा.

सुगरण पक्ष्याचं घरटं आपण शोभेसाठी दिवाणखान्यात टांगतो. ते विणतो नर, आणि नाव मात्र स्त्रीलिंगी. घरी बायकोनं केलेल्या स्वयंपाकाचं कौतुक पाहुण्यांकडून नवऱ्यानं घ्यावं, त्याची ही उलट बाजू. तर हा नर काटेरी बाभळीवर, शक्यतो पाण्याच्या वर, गवताच्या काड्यांनी अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. मादी येते, आत जाऊन पाहते. पसंत पडलं तर उरलेलं काम पूर्ण. नापसंत, तर तो दुसरीकडे पुन्हा पहिल्या काडीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे नमुन्याचा फ्लॅट दाखवतात, त्यात पलंगसुद्धा बुटके करून घेतलेले असतात म्हणे, खोली मोठी दिसावी म्हणून. पैसे सगळे आधी, ताबा पुढे केव्हातरी. सुगरणीच्या मादीला असा करार दाखवून पाहा.

आणि तो शंखात राहणारा खेकडा! त्याचं अंग वाढतं, शंख वाढत नाही. मोठा रिकामा शंख किनाऱ्यावर दिसला की काही जातींचे खेकडे त्याच्याजवळ जमतात आणि मोठ्यापासून धाकट्यापर्यंत चक्क ओळ लावतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. पाच मिनिटांत अख्ख्या आळीचं स्थलांतर. दलाली नाही, पागडी नाही, ‘व्हेज लोकांनाच देतो’ नाही. शिवाय शंख रिकामा ठेवून भाव चढायची वाट पाहत बसणारा खेकडा मी ऐकलेला नाही.

आता कुणी म्हणेल, हे महाशय आपल्याला वारुळात घालायला निघालेत. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी दिसतात. मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, ती बहुतेक आपापल्या जुन्या घरांखालीच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जडशीळ माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर त्या पहाटे अंगावर आलं. घर जुनं आहे एवढ्यावर त्याला शहाणं म्हणण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही बघा. आपल्याकडे भुंगा म्हटलं की कमळात अडकणारा तो. कच्छात भुंगा म्हणजे घर. मातीच्या भिंतीचं, गोल, वर शंकूसारखं गवताचं हलकं छप्पर. गोल भिंतीला धक्का सोसायची ताकद असते आणि छप्पर पडलंच तर ते गवताचं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजमधल्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि पुष्कळ भुंगे जागच्या जागी उभे राहिले. ज्यांनी ते बांधले त्यांच्या भिंतीवर पदवीचा कागद नव्हता. जमीन हलते, हे आजोबांनी सांगितलेलं होतं.

मुद्दा नव्याजुन्याचा नाहीच. घर बांधणाऱ्याला आपली जमीन, आपलं ऊन आणि आपला पाऊस ठाऊक आहे की नाही, एवढाच आहे. कोकणातलं कौलारू छप्पर उतरतं असतं ते चित्रात छान दिसावं म्हणून नव्हे. वरून शेकड्यांनी इंच पाऊस पडतो म्हणून. चिरा जांभ्याचा, कारण तो तिथल्याच जमिनीत निघतो आणि वारा लागला की आणखी घट्ट होतो. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे इंग्रज वास्तुशिल्पज्ञ केरळात वर्षानुवर्षं स्वस्त आणि देखणी घरं बांधत राहिले. ते सांगत, की तरुणपणी मुंबईत गांधीजी भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं, आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचं असावं. आमच्या मेहुण्यांकडे संगमरवर इटलीचा, नळ जर्मनीचे आणि काच कुठली ते वहिनींनाच ठाऊक. पाच मैलांच्या आतली वस्तू एकच, घराचा हप्ता घेणारी बँक.

आणि भाषा! घराचं माप आपण ‘चटई क्षेत्रा’त सांगतो. चटई घरातून हद्दपार होऊन जमाना लोटला, पण क्षेत्र राहिलंय. पूर्वी तर त्यावर ‘बिल्ट-अप’, त्यावर ‘सुपर बिल्ट-अप’ अशी शिंगं फुटत. जिना, लिफ्टचा खड्डा, खालचा पहारेकऱ्याचा कोपरा, सगळ्यांत आपला वाटा. शेवटी २०१६ साली सरकारला कायदा करून सांगावं लागलं, की बाबांनो, आतल्या जागेची व्याख्या ही अशी, आणि विक्री याच मापानं करा. घर म्हणजे आतली जागा, हे पटवायला संसदेचा कायदा लागतो असा प्राणी पृथ्वीवर आपणच!

इथवर थट्टा झाली. आता थट्टा नव्हे.

मुंबईच्या पदपथावर प्लास्टिक बांधून राहणाऱ्यांनाही आपण ‘कसे राहतात बाई!’ म्हणतो आणि चालत्या गाडीची काच वर करतो. १९८१ साली ऐन पावसाळ्यात त्यांना उचलून शहराबाहेर पाठवायची मोहीम निघाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि खुद्द तिथं राहणारी माणसं न्यायालयात गेली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं तिथं राहतात कारण त्यांचं काम तिथं जवळ आहे. पदपथ अडवून ठेवता येणार नाही, हेही न्यायालयानं सांगितलं. मात्र पावसाळा संपेपर्यंत हलवू नये, असं बजावलं. कामाजवळ घर, मिळेल त्या सामानाचं घर, स्वतःच्या हातानं बांधलेलं घर. शहाण्या घराची सगळी लक्षणं त्या प्लास्टिकखाली आहेत. नाही ती सुरक्षितता, संडास आणि पाणी; आणि ते देणं त्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

२०११ च्या जनगणनेचे आकडे आहेत, ते शांतपणे वाचा. देशातल्या शहरांमधे रिकामी पडलेली घरं सुमारे १ कोटी ११ लाख. झोपडवस्त्यांत राहणारी माणसं साडेसहा कोटी. ज्यांना छप्परच नाही अशी जवळजवळ पावणेअठरा लाख. रिकाम्या घराला आपण ‘गुंतवणूक’ म्हणतो आणि भरलेल्या झोपडीला ‘अतिक्रमण’. शब्द कुणी निवडले हे सांगायला नको.

या सगळ्यात उंच इमारतीला मनापासून मान देणारा एकच जीव मला दिसतो, तो म्हणजे पारवा. त्याचं मूळ घर कड्याकपारीत. त्याला आपले टॉवर म्हणजे कडेच वाटतात. बावीसावा मजला त्याला अगदी मानवतो. आणि नेमकं त्यालाच हाकलायला आपण जाळ्या ठोकतो.

तेव्हा मंडळी, यापुढे कुणाच्या घराला नाव ठेवायची हुक्की आली तर आधी तीन प्रश्न विचारा. इथल्या उन्हापावसाला ते घर ओळखतं का? राहणाऱ्याच्या पोटापाण्याशी त्याचा काही संबंध आहे का? आणि मुळात त्यात कुणी राहतं का? वाळवी तिन्ही प्रश्नांत पहिल्या वर्गात पास होते. कूबर पेडीचा खाणवाला होतो, कच्छचा रबारी होतो. आपण तिसऱ्या प्रश्नालाच अडखळतो, आणि तो तर सर्वांत सोपा होता. कुलूप लावलेली घरं एका बाजूला आणि घर नसलेली माणसं दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी ज्या प्राण्यानं केली, त्यानं निदान दुसऱ्याच्या बिळाला तरी हसू नये.