व्हिडिओतला दादा कोणाचा कोण?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या बायकांना एक नवा गुरू मिळाला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला दादा. ‘नमस्कार बहिणींनो’ म्हणतो, मोबाइलचा पडदा उघडून दाखवतो, इथे दाबा, तिथे दाबा, दोन मिनिटांत काम. बचत गटात एकीला म्हटलं, “अगं, याला ओळखतेस का तू?” तर म्हणाली, “ताई, तो खरंच करून दाखवून राहिला न!”

तिचं चूक नाही. कचेरीत कोणी धड बोलत नाही, सेतू केंद्रावर रांग, आणि हा दादा आपल्या भाषेत, न रागावता, दहादा विचारलं तर दहादा सांगतो. व्हिडिओ बघूच नका असं मी म्हणणार नाही. यातल्या कितीतरी मुलांनी खरंच बायकांची कामं केली आहेत. पण करून दाखवलं म्हणजे खरं, हे काही पटत नाही.

पहिली गोष्ट, व्हिडिओ कधीचा? योजना २०२४ च्या पावसाळ्यात आली तेव्हा अर्ज ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपवर भरायचे होते. मग संकेतस्थळ आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ठरलं की अर्ज फक्त अंगणवाडी सेविकांनीच घ्यायचे. १५ ऑक्टोबरला मुदतही संपली. पण तेव्हाचे व्हिडिओ कुठे जातात? ते तसेच आहेत. त्यातला दादा खोटं बोलत नाही, त्याची वेळ निघून गेली एवढंच. व्हिडिओखाली तारीख असते, ती मात्र आपण बघत नाही.

कधी चूक सरकारी कागदाचीच असते. ई-केवायसीत विचारलं होतं, कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही ना? वाक्यच नकारार्थी, त्याला उत्तर ‘होय’ की ‘नाही’? भल्याभल्यांचा गोंधळ झाला. शेवटी एकदा दुरुस्तीची संधी द्यावी लागली, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. अशा जागी व्हिडिओतलं बोट जिथे पडलं तिथे आपलंही बोट टाकायचं, हे जोखमीचं. प्रश्न स्वतः दोनदा वाचावा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्यावा.

दुसरी गोष्ट, त्याचं पोट कशावर चालतं? जितके जास्त लोक बघतील तितके जाहिरातीचे पैसे. म्हणून ‘आजच शेवटची तारीख’, ‘आत्ताच करा नाहीतर पैसे बंद’. मुदत वाढली तरी मथळा तोच. सल्ला देणाऱ्याचा फायदा कशात आहे हे न बघण्याची किंमत आपल्या जिल्ह्यानं भोगली आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. कोणतं औषध किती, कशात मिसळायचं, हे अनेक जण विकणाऱ्यालाच विचारत होते. आता औषधाचे सल्लेही व्हिडिओवर आले आहेत. तोच प्रश्न, फक्त दुकान खिशात आलं.

ओळखीचा चेहरा दिसला म्हणूनही भुलू नये. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमच्या अ‍ॅपची शिफारस करतानाचा व्हिडिओ फिरला. तो बनावट आहे, असं सचिनलाच सांगावं लागलं. चेहरा, आवाज, सगळं संगणकानं केलेलं.

मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती ओटीपीची. या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. नवरा पुण्याला कामावर, मग फोन करून आकडे मागवायचे. अख्ख्या मोहल्ल्यात हेच चाललं होतं. एकीकडे बँक सांगते ओटीपी कोणाला सांगू नका, आणि दुसरीकडे सरकारी कामानंच बायकांना फोनवर आकडे सांगायची सवय लावली. भामट्याला आणखी काय हवं? व्हिडिओखालच्या लिंकवर बोट दाबलं, हुबेहूब सरकारी दिसणारं पान उघडलं, आणि आधार, ओटीपी त्याच्या हातात. तेव्हा खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहा, असं मंत्री आदिती तटकरे यांनाही सांगावं लागलं होतं.

आता आमच्या गटात आम्ही व्हिडिओ बघतो, पण त्याखालची लिंक दाबत नाही. पत्ता स्वतः टाइप करतो. राज्य सरकारच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, मध्ये कुठेतरी नाही, शेवटी. हे पाचवी शिकलेल्या बाईनंही दोन दिवसांत ओळखायला शिकलं. अडलं तर अंगणवाडीताईला विचारतो, तिला निदान गावात तोंड दाखवायचं असतं. आणि पैसे गेलेच तर लाजेनं गप्प न बसता, घरच्यांच्या रागाची वाट न बघता, आधी १९३० वर फोन. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.