इंजिन बदलायचं, पण कुणी?

दरवर्षी या सदरात आपण गाडीचा एखादा प्रश्न घेतो. यंदाचा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच घरांत घोळतो आहे. गाडी अडीच लाख किलोमीटर चालली, इंजिन ऑइल प्यायला लागलं आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या घरात गेला. मग जुनं इंजिन आणून आपणच घरी बसवावं का?

तिकडच्या आई-बाबांना आणि काका-मामांना वाटेल, अख्खं इंजिन कशाला बदलायचं? पुण्या-कोल्हापुरात मेकॅनिक इंजिन उतरवतो, बोअर करून नवे रिंग-पिस्टन टाकतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते. इथे हिशोब उलटा आहे. कारागिराचा तास महाग आणि जपानहून आलेल्या जुन्या गाड्या मुबलक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा गाड्यांची आयात वाढली. १९९८ साली गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं आणि गाड्या जोडणारे इथले उरलेसुरले कारखानेही त्याच वर्षी बंद पडले. त्यामुळे कोरोला, एस्टिमा, डेमिओ यांची इंजिनं 'रेकर्स'कडे, म्हणजे मोडीतल्या गाड्यांच्या यार्डात, सहज मिळतात.

शिवाय हा देश हातात पाना घेणाऱ्यांचा. इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली घेतलेली 'इंडियन स्काउट' मोटारसायकल घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं सुधारली, पिस्टनसुद्धा स्वतः ओतले. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेत बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' पाहून आपल्यालाही स्फुरण चढतं. पण त्याच शेडमध्ये फुटक्या-तुटक्या भागांनी भरलेली एक फळीही होती. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, असं ते तिला म्हणत. आणि त्या मोटारसायकलवरून त्यांना सोमवारी मुलांना शाळेत सोडायचं नव्हतं!

म्हणून पाना उचलण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला: इंजिन खरोखर गेलं आहे का? ऑइल पिणारं इंजिन वेगळं आणि मेलेलं इंजिन वेगळं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. पांढरा दाट धूर आणि घटणारं कूलंट दिसलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. खालून ठकठक येत असेल, तर बेअरिंग. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. कधी कधी पीसीव्ही व्हॉल्व्हसारखा छोटा भागच तुंबलेला असतो. नुसतं ऑइल जळत असेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक बघून ऑइल घालत राहणं हाही काही काळ चालणारा शहाणा पर्याय आहे. आणि बदली इंजिन घेताना त्याच मॉडेलचा तोच जुना दोष विकत घेत नाही ना, हे पाहा. एस्टिमातलं २एझेड-एफई इंजिन ऑइल पिण्यासाठी आणि हेड बोल्टचे आटे निघण्यासाठी बदनाम आहे.

दुसरा: बाकीची गाडी त्या लायकीची आहे का? वॉरंट ऑफ फिटनेसमध्ये ब्रेक, टायर, स्टिअरिंग, गंज तपासतात. इंजिनच्या आत कुणी डोकावत नाही. सांगाड्याला गंज लागला असेल किंवा गिअरबॉक्स धक्के देत असेल, तर नवं इंजिन म्हणजे पडक्या वाड्याला सागवानी दरवाजा.

तिसरा: वेळ आणि जागा आहे का? सराईत मेकॅनिकला जे काम दोन-तीन दिवसांचं, ते पहिल्यांदा करणाऱ्याला चार-पाच शनिवार-रविवार खातं. तोवर कामाला कशाने जाणार? घरात एकच गाडी असेल, तर इथेच थांबा. शंभर किलोच्या वरचं धूड हलवायला इंजिन क्रेन भाड्याने लागते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका, भक्कम स्टँड हवेतच. एसीचे पाईप सोडू नका. त्यातला गॅस हवेत सोडायचा नसतो. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर पाईपसकट बाजूला बांधून ठेवता येतो.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: बिघडलं तर दाद कुणाकडे मागायची? व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला आणि गॅरेजच्या कामाला १९९३च्या कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टचं संरक्षण असतं. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या इंजिनाला ते नाही. तुम्ही स्वतः बसवलंत, तर चूक इंजिनाची की हाताची, यावर वाद होणार. इंजिन तुम्ही आणलं आणि मेकॅनिकने बसवलं, तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. इंजिन आणि मजुरी एकाच गॅरेजच्या बिलावर असणं म्हणूनच थोडं महाग पडलं तरी परवडतं.

माझं मत असं: दुसरी गाडी आहे, इंजिन अगदी त्याच प्रकारचं मिळतं आहे आणि हे काम आधी केलेला मित्र शेजारी उभा राहणार आहे, तर जरूर करा. इंजिन बाहेर असतानाच वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बदलून टाका. बसवल्यावर नोंदणीतला इंजिन नंबर बदलून घ्या. काढलेलं ऑइल गटारात नको, कौन्सिलच्या संकलन केंद्रावर द्या. यातली एक गोष्ट जरी नसेल, तर केवळ पैसे वाचवायला यात पडू नका. वाचलेल्या डॉलरांची किंमत घरच्यांच्या रविवारांनी चुकवली जाते.

आणि ख्रिसमसच्या सुट्टीत टाउपोला निघण्याआधी बॉनेट उघडून डिपस्टिक तेवढी बघा. त्याला ना क्रेन लागते, ना मित्र!