गॅसचे बिल पासपार्तूच्या माथी

एखाद्या अभिजात कादंबरीवरून संगणकावरचा खेळ तयार झाला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. खेळांचे शौकीन म्हणतात, करमणुकीत राजकारण आणू नका. आपल्या चळवळीतले ज्येष्ठ म्हणतात, हा पोरखेळ आहे. त्याची चर्चा या पानावर कशाला? वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. करमणुकीत मुळात राजकारण नसते, ते कोणीतरी बाहेरून आणून टाकावे लागते, असे दोघेही गृहीत धरून चालतात.

ज्यूल्स व्हर्नची ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेची कादंबरी घ्या. १८७२ साली ती वृत्तपत्रातून क्रमशः आली व पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. फिलिअस फॉग हा धनिक इंग्रज लंडनच्या रिफॉर्म क्लबात वीस हजार पौंडांची पैज लावतो आणि त्याच दिवशी कामावर रुजू झालेल्या पासपार्तू या फ्रेंच नोकराला घेऊन निघतो. घाईगर्दीत नोकराच्या खोलीतला गॅसचा दिवा जळत राहतो. धनी शांतपणे सांगतो, तो तुझ्या खर्चाने जळेल. दिव्याचा खर्च दिवसाला दोन शिलिंग, म्हणजे पासपार्तूच्या रोजच्या कमाईहून सहा पेन्स अधिक, हा हिशेब व्हर्ननेच दिला आहे. हाच फॉग हिंदुस्थानात एका हत्तीसाठी दोन हजार पौंड मोजतो. पासपार्तूच्या रोजाने मोजले तर ती सुमारे ७३ वर्षांची कमाई होते! आणि प्रवास संपल्यावर १९२० तासांच्या गॅसचे पैसे नोकराच्या बक्षिसातून कापून घेतले जातात. वाचक धन्याच्या काटेकोरपणाचे कौतुक करीत हसतो. यात राजकारण नाही काय?

तो हत्ती घ्यावा का लागला, हे तर मराठी वाचकाने विशेष ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईहून निघालेली आगगाडी कादंबरीत अलाहाबादच्या अलीकडे एका खेड्यापाशी थांबते, कारण पुढचा मार्ग बांधलेलाच नाही. वस्तुतः मुंबई-कलकत्ता लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. तो घालताना सह्याद्रीच्या घाटांत पटकीने, तापाने आणि सुरुंगाच्या अपघातांनी हजारो मजूर मेले. बोरघाटातल्या मजुरांनी १८५९ साली थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला. एवढ्या मोलाने पुरा झालेला मार्ग व्हर्नने कथेच्या सोयीसाठी मोडून टाकला. गाडी सलग धावली असती तर जंगल आले नसते, हत्ती आला नसता आणि मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याच्या मुलीला बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाच्या चितेवरून सोडविण्याचा पराक्रमही साहेबाच्या पदरी पडला नसता. रानटी हिंदुस्थान दाखवायचा तर त्यातली रेल्वे आधी उखडावी लागते!

व्हर्न साम्राज्यशाहीचा भाट होता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याचा कॅप्टन निमो हा १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र आहे, हे १८७४-७५ मधील ‘गूढ बेट’ या कादंबरीत उघड होते. भा. रा. भागवतांच्या मराठी रूपांतरांतून आपल्यापैकी अनेकांनी व्हर्न मोठ्या आवडीने वाचला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता खेळाकडे वळू. केंब्रिजच्या ‘इंकल’ या लहानशा संस्थेने २०१४ साली ‘एटी डेज’ हा खेळ काढला. त्याचे लेखन मुख्यतः मेग जयंत यांचे आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या खेळांत त्याला पहिले स्थान दिले. खेळणारा त्यात फॉग होत नाही, पासपार्तू होतो. सामान बांधणे, वेळापत्रके हुडकणे, भाड्याची घासाघीस, धन्याची प्रकृती सांभाळणे, म्हणजे कादंबरीत जे काम अदृश्य होते तेच येथे खेळाचे अंग बनले आहे. जगही पालटले आहे. वाफेवर चालणारी अद्भुत यंत्रे आहेत, पण यंत्रविद्या ही युरोपची मिरासदारी राहिलेली नाही. वाटेत भेटणारी माणसे नायकाच्या सेवेसाठी ताटकळत नाहीत. त्यांना आपापली कामे आहेत, मते आहेत, नकार देण्याचा हक्क आहे. जयंत यांनी २०१६ साली खेळनिर्मात्यांच्या परिषदेतील व्याख्यानात हीच भूमिका उघडपणे मांडली होती. याला जे ‘राजकारण घुसडणे’ म्हणतात, त्यांना गॅसच्या बिलात कधी राजकारण दिसले नव्हते.

परंतु एवढ्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. दीडशेहून अधिक शहरे, असंख्य वाटा, पावलोपावली निवड, असे या प्रकाराचे वैभव सांगितले जाते. निवड आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुएझमार्गे जावे की मॉस्कोमार्गे, हे पासपार्तू ठरवितो. पैज लावावी की नाही, हे त्याला कोणी विचारलेले नसते. खेळ सुरू होतो तेव्हा ती लागलेली असते आणि घड्याळ धन्याचे असते. दुकानात साबणाचे वीस प्रकार मांडून त्यालाच स्वातंत्र्य म्हणणाऱ्या व्यवस्थेला असली निवड मुळीच अडचणीची वाटत नाही. नोकराच्या डोळ्यांनी जग दाखविणे हे मोठे पाऊल खरे, पण नोकराच्या हाती घड्याळ देणे हे त्याच्या पुढचे.

ते कोण करणार? मोठ्या भांडवलाच्या खेळकंपन्या करणार नाहीत. पण ज्या साधनाने ‘एटी डेज’सारखे खेळ लिहिले जातात, ते ‘इंक’ नावाचे साधन इंकलने २०१६ साली सर्वांसाठी खुले केले आहे. त्याला दाम पडत नाही, आणि ज्याला नाटुकले लिहिता येते त्याला ते थोड्या सरावाने वापरता येईल. आपल्या अभ्यासमंडळांतल्या तरुणांनी व्हर्नचीच कादंबरी घ्यावी आणि फॉगची गाडी रात्री ज्या घाटातून निघून गेली, तेथे दहा-बारा वर्षे मागे जाऊन उतरावे. खेळणारा घाटातला मजूर असेल. ठेकेदाराने मजुरी थकविली आहे, झोपड्यांत पटकी शिरली आहे, पाऊस तोंडावर आहे. मुकादमाकडे एकट्याने जायचे, की आधी पलीकडच्या बोगद्यावरच्या टोळीला गाठायचे, ही पहिली निवड.