पाय मोडला, म्हणून सिंफनी झाली!

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला सिनेमाची गाणी आठवतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे तर ‘आपल्याला काय कळतंय’ खातं! पण अमेरिकन संगीताच्या मैफलीत फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिंफनी एकदा ऐकाच. तिसऱ्या भागात ‘जूबा’ नाचाचा ताल आहे. गुलामीत ढोल हिरावले गेलेल्या माणसांनी टाळ्यांवर, मांड्यांवर थापा मारून जपलेला. अख्खा वाद्यवृंद तो ताल धरतो, तेव्हा आपलाही पाय हलतो.

ही कृष्णवर्णीय बाई शिकागोत दोन मुलींना वाढवत होती. घटस्फोट झालेला. पोटासाठी मूकपटांना ऑर्गनची साथ, जाहिरातींची गाणी, शिकवण्या. निवांतपणा कधी मिळाला? १९३१ च्या जानेवारीत पाय मोडला तेव्हा! तेव्हाच तिनं ही सिंफनी लिहायला घेतली. पुन्हा पाय मोडायचं भाग्य कधी लाभणार, असं तिनं मैत्रिणीला गमतीनं कळवलंही होतं. १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं ती वाजवली. मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेली कृष्णवर्णीय स्त्रीची ती पहिलीच सिंफनी.

१९५३ मध्ये ती गेली. तिची कितीतरी हस्तलिखितं २००९ मध्ये एका ओसाड घरात सापडली.

लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करतात. करावंच. पण ऐकताना मला टोचतं ते वेगळंच. बाईला स्वतःचे चार दिवस मिळायला पाय का मोडावा लागावा? ते चार दिवस धडधाकट असतानाच मागून घ्यायला हवेत. हक्कानं.