वई कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या शेतात वायंगण झाले नाही. पाणी होते, बियाणे आणून ठेवले होते, ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही झाले होते. नव्हती ती फक्त वई.

आमचे गाव पेडणे तालुक्यात. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, वई म्हणजे कुंपण. पावसाळी भात कापून झाले की गुरे मोकळी सुटतात. मग वायंगण करायचे तर अख्ख्या शेताला वई हवीच. शेत एक असले तरी त्यात अनेक घरांचे कुणगे. मध्ये मेरा आहेत, पण मेर गुरांना अडवत नाही. आमचा कुणगा पडला कोपऱ्यात. दोन बाजू बाहेरच्या, त्यामुळे वईचा सगळ्यात लांब भाग आमच्याच गळ्यात. बाबा बैठकीत म्हणाले, यंदा काटेरी तार आणू आणि खर्च सगळ्यांनी वाटून घेऊ. त्यावर मधल्या कुणग्याचे काका म्हणाले, "आमचो कुणगो मदी आसा. आमका वंय कित्याक?"

बैठक तिथेच मोडली.

काका काही वाईट माणूस नाहीत. आमच्या घरी कोणी आजारी पडले की पहिली गाडी त्यांचीच येते. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते शाळेतल्या गणिताचे आहे. समजा, एका शेतात 16 चौकोनी कुणगे आहेत, चार ओळी, ओळीत चार. प्रत्येकाची बाजू 30 मीटर. प्रत्येकाने आपापल्या कुणग्याला वेगळी वई घातली तर माणशी 120 मीटर, एकूण 1,920 मीटर. सगळ्या शेताला बाहेरून एकच वई घातली तर फक्त 480 मीटर. वाटून घेतली तर माणशी 30.

आता आजची रीत बघा. ज्याच्या कुणग्याला जेवढी बाहेरची बाजू, तेवढी वई त्याची. म्हणजे कोपऱ्यातल्याला 60 मीटर, कडेच्याला 30 आणि मधल्या चौघांना शून्य. मधल्याला वई नको असे नाही. त्याची वई बाकीच्या बाराजणांनी घातलेली असते, एवढेच. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: वईचा वाटा कुणगा कुठे आहे यावर नको, केवढा आहे यावर ठरावा.

ही कल्पना गोव्याला नवी नाही. खाजन शेतीचा बांध आठवा. नदीचे खारे पाणी एका ठिकाणी बांध फोडून आत आले की सगळ्यांचे भात जाते. माझा कुणगा बांधापासून लांब आहे, असे म्हणून तिथे कोणी सुटत नाही. 1526 साली पोर्तुगीजांनी गावकारीच्या चालीरीती 'फोराल'मध्ये लिहून घेतल्या, तेव्हा गावाने मिळून जमीन सांभाळण्याची ही रीत आधीच जुनी होती. पुढे 1964 चा कूळ कायदा आला आणि कुळांच्या सामायिक जबाबदारीचे वेगळे नियम 1975 साली झाले. पाण्याच्या बाबतीत जे आपल्याला पटते, ते गुरांच्या आणि रानडुकरांच्या बाबतीत का पटू नये? तीही एकाच भगदाडातून आत येतात.

दुसरा प्रश्न पडीक कुणग्यांचा. मालक मुंबईत, आखातात नाहीतर पोर्तुगालात. "आम्ही पेरतच नाही, मग पैसे कशाला?" असे उत्तर फोनवर येते. पण पडीक कुणग्यात झुडपे वाढतात आणि डुकरांना लपायला तीच जागा मिळते. अशा मालकाने एक तर आपला वाटा द्यावा, नाहीतर तेवढ्या हंगामापुरता कुणगा कसणाऱ्याला द्यावा. त्याची मालकी कुठे जात नाही, हे मात्र कागदावर लिहून द्यायला हवे. ती भीती खोटी नाही.

कुंपणाला कृषी खाते अनुदान देते. आमच्याकडे अर्ज अडला तो सह्यांवर. एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून कोणाचे आजोबा, कोणाचे पणजोबा! म्हणजे सरकारी पैसा घ्यायचा तरी आधी शेजारी एकत्र यायला हवेत. सौर कुंपण आणले तरी तारेला गवत टेकले की तिचा जोर कमी होतो. ते गवत कापायला पाळी लावावीच लागते. आणि हे काही जमत नाही म्हणून घरातली वीज थेट तारेत सोडणारेही आहेत. त्यात जनावर मरते, कधी माणूस. शेजाऱ्याशी बोलणे टाळण्याची ही किंमत फार झाली.

सगळ्यांनी रोख पैसेच द्यावेत असेही नाही. पूर्वी ठरलेल्या दिवशी सगळे कोयते घेऊन यायचे. कोणी काटे तोडायचे, कोणी मेढी पुरायचे, एखादी एकटी म्हातारी सगळ्यांना चहा-पेज द्यायची. तोही वाटाच होता. पैसे, काम किंवा सामान, ज्याला जे जमेल ते. जाण्यायेण्याला बेडे ठेवावे आणि गुरांची पाण्याची वाट बंद करू नये, म्हणजे गुरेवाल्यांशीही भांडण नको.

"कुंपणच शेत खाते" ही म्हण आपण निबंधात भरपूर वापरतो. आमचे शेत नसलेल्या कुंपणाने खाल्ले.

आपण साहित्य मंडळातली मुले कविता लिहितो, अहवाल लिहितो. गावातल्या बैठकीचा एक पानाचा ठराव, सगळ्यांना समजेल अशा मराठीत, लिहायला काय हरकत आहे? कोणाचा कुणगा केवढा, कोणाचा वाटा किती, दुरुस्ती कोणी कधी करायची, एवढेच. तोंडी ठरलेले दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी टेप आणि वही घेऊन शेतात जाणार आहे. आधी मधल्या काकांच्या घरी जाईन. टेपचे दुसरे टोक धरायला त्यांनाच बोलावणार आहे.