पॉलिशचा जुना डबा वापरावा की टाकावा?

खंडेनवमीला बंगळुरूत गाड्यांची बडदास्त पाहण्यासारखी असते. आयुध पूजेच्या आदल्या संध्याकाळी बादल्या आणि फडकी घेऊन घरोघरची मंडळी खाली उतरतात. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू येते. नेमक्या याच वेळी माळ्यावरून किंवा डिकीतून गेल्या वर्षीचा पॉलिशचा डबा निघतो आणि प्रश्न पडतो, हे अजून चालेल का?

डब्यावर याचे उत्तर मिळेलच असे नाही. निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, पण ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असे बहुधा नसते. ही काही खाण्याची वस्तू नव्हे! तेव्हा डोळे, नाक आणि बोटे यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

घट्ट मेणाचे पॉलिश सर्वांत चिवट. त्यातले कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते आणि ८० अंशांच्या पुढे गेल्यावरच वितळते. हे मेण सहसा नासत नाही. उडून जाते ते त्याला मऊ ठेवणारे द्रावण, तेही झाकण सैल राहिले तर. मग मेण आक्रसते, कडेने सुटते, त्याला भेगा पडतात. भेगा पडल्या तरी ते फडक्यावर सहज येत असेल तर खुशाल वापरा. भुगा होत असेल तर टाकून द्या. त्यात रॉकेल घालून ते मऊ करण्याचा घरगुती उपाय मात्र करू नका. रंगावर डाग पडण्याची भीती असतेच, शिवाय घरात आणखी एक पेट घेणारी वस्तू तयार होते.

पातळ पॉलिशची गोष्ट वेगळी. त्यात पाणी, तेल आणि घासण्याची बारीक पूड एकत्र केलेली असते. बरेच दिवस ठेवले की पूड तळाशी बसते. बाटली जोरात हलवल्यावर सारे एकजीव झाले तर काही बिघडलेले नाही. पण फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या, आंबूस वास आला किंवा बोटांत चोळताना कचकच लागली, तर किमतीचा विचार न करता बाटली बाद करावी. त्या गुठळ्या रंगावर ओरखडे पाडतात आणि ते काढण्याचा खर्च नव्या बाटलीच्या कितीतरी पट येतो. शंका असेल तर आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे.

हल्ली सिरॅमिक लेपाच्या चिमुकल्या बाटल्याही मिळतात. हा लेप हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून बूच एकदा उघडले की उरलेला लेप फार दिवस टिकत नाही. बुचाशी स्फटिक दिसले तर तो लावू नये. एका गाडीपुरती बाटली घ्यावी आणि लावण्याच्या दिवशीच उघडावी.

आता ठेवण्याविषयी. बंगळुरूची हवा थंड, इथे काय बिघडणार, असे अनेकांना वाटते. पण एप्रिल २०१६ मध्ये याच शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली होती. बाहेर ३३-३४ अंश असले तरी उन्हात उभ्या बंद गाडीत पारा सहज ५० च्या आसपास जातो. दाबाखाली भरलेल्या फवाऱ्याच्या डब्यांवर तर ५० अंशांहून जास्त उष्णतेत ठेवू नये असा इशाराच असतो. मार्च २०२४ च्या पाणीटंचाईत जल मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजारांचा दंड ठरवला, तेव्हा बिनपाण्याच्या फवाऱ्याच्या बाटल्या अनेकांनी घेतल्या. त्याही डिकीत पडून राहू नयेत. ऊन न येणारे, कोरडे कपाट सर्वांत बरे. गॅसच्या शेगडीजवळ किंवा सिलिंडरशेजारी मात्र काही ठेवू नका.

घरात लहान मूल असेल तर कपाट उंचावर हवे, शक्यतो कुलपाचे. उरलेले पॉलिश पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय फार घातक आहे. मुलाने ते प्यायले तर त्याला उलटी करवू नका. पेट्रोलियमचे द्रावण उलटीबरोबर फुप्फुसात उतरते आणि खरा धोका तिथेच असतो. मूळ बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. म्हणूनच लेबल कधी सोलू नये आणि पॉलिश दुसऱ्या भांड्यात काढू नये.

फडकी धुऊन, वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवावीत, कारण धुळीचा एक कणही रंगावर रेघ ओढतो. झाकण लावण्यापूर्वी डब्याची कड पुसावी, म्हणजे ते घट्ट बसते. बाद झालेले पॉलिश मोरीत ओतू नये. ते बाटलीसकटच ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे, घातक कचऱ्यात द्यावे.